विजेची कणगी

शेतकऱ्याच्या घरी धान्य आले की ते कणगीत जाते. उंदीर आणि ओल यांपासून ते जपले म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत घराला घोर राहत नाही. पाण्यासाठी रांजण असतो, तुपासाठी बुधली असते. विजेची गोष्ट मात्र निराळी आहे. ती ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी खर्ची पडावी लागते. तारेत ती साठून राहत नाही. बडोद्याच्या एखाद्या घरात दिव्याचे बटण दाबले जाते, तेव्हा त्याच निमिषात शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जनित्रांना तेवढे अधिक कष्ट घ्यावे लागतात. घेणारे कोट्यवधी आणि देणारी यंत्रे काही हजार. तरी या दोहोंचा जमाखर्च रोज, नव्हे प्रत्येक सेकंदाला, जुळवावा लागतो.

तो जुळतो की नाही हे सांगणारे एक साधे माप आहे. भारतातील विजेच्या प्रवाहाची आंदोलने सेकंदाला ५० असावीत असा दंडक असून ४९.९० ते ५०.०५ एवढीच मोकळीक नियमांनी ठेवलेली आहे. मागणी वाढली आणि पुरवठा तोकडा पडला की चढ लागलेल्या बैलांप्रमाणे सगळी जनित्रे किंचित मंदावतात व हा आकडा घसरतो. फारच घसरला तर यंत्रे स्वतःला वाचविण्यासाठी जाळ्यातून बाहेर पडतात. राहिलेल्यांवर अधिक भार येतो, मग तीही बाहेर पडतात. बघता बघता सगळा प्रांत अंधारात जातो.

३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताने असा अंधार पाहिला. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही जाळी कोसळली आणि साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश विजेवाचून राहिला. ग्वाल्हेरच्या वाचकांना या प्रसंगातील एक तपशील आठवत असेल. बीना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर भार अतोनात वाढला, ती सुटली आणि पुढची पडझड तेथून सुरू झाली. त्या दिवशी देशात वीज नव्हती असे मुळीच नाही. पश्चिमेकडे ती शिल्लक होती आणि उत्तरेकडे तिची ओढ होती. मधली वाट अरुंद पडली. साठवणाचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे, कारण साठा किती आहे यापेक्षा तो कोठे आहे, केव्हा भरला जातो आणि कोणाच्या आज्ञेने उघडला जातो, या प्रश्नांची उत्तरेच बहुधा अधिक निर्णायक ठरतात.

वीज साठवावयाची म्हणजे तिचे दुसऱ्या कशात तरी रूपांतर करावयाचे. यातील एक जुना आणि अजूनही सर्वांत मोठा मार्ग पाण्याचा. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिन्यांत जो पाऊस कोसळतो तो अडवून ठेवला, आणि वर्षभर थोडा थोडा कोकणात सोडला, तर त्या पडण्यातून वीज मिळते. टाटांनी लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत असा पाऊस अडविला आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना शक्ती पुरविली. मागोमाग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजघरे आली. भिऱ्याला पाणी देणारा तलाव मुळशीचा. त्याच्याखाली जमिनी जाणार म्हणून मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला होता. विजेच्या साठ्याला जागा लागते आणि ती जागा कोणाची तरी असते, ही गोष्ट आज बॅटऱ्यांच्या चकचकीत पेट्यांकडे पाहताना सहज विसरली जाते.

कोयनेचे उदाहरण अधिक बोलके आहे. शिवसागर जलाशयात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. परंतु कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट एवढीच मर्यादा घालून दिली. १ जूनपासून पुढच्या ३१ मेपर्यंत हे पाणी पुरवायचे. वीजघराची एकूण क्षमता १,९६० मेगॅवॉट आहे खरी, पण ती सारी यंत्रे रात्रंदिवस चालवावयाची म्हटले तर वर्ष संपण्याच्या पुष्कळ आधी कोटा संपेल. म्हणून कोयनेचा चौथा टप्पा मुख्यतः सायंकाळच्या व सकाळच्या गर्दीच्या तासांसाठी राखलेला असतो. हिवाळ्यात हात सैल सोडला तर एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पंखे, कूलर आणि शेतीपंप एकदम वीज मागतात, तेव्हा जलाशयात पाणी दिसत असूनही ते सोडण्याचा अधिकार उरत नाही. घरातील गृहिणी महिन्याचा शिधा काढताना जे करते तेच येथे अब्जावधी घनफुटांनी करावे लागते.

कोयनेचे पाणी एकदा खाली गेले की ते वाशिष्ठीला मिळून समुद्राकडे जाते. तेच पाणी पुन्हा वर नेता आले तर? हा प्रश्न ज्या योजनेने सोडविला ती घाटघरची. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, घाटमाथ्यावर एक जलाशय. आणि कड्याच्या पायथ्याशी, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, चोंढे गावाजवळ दुसरा. दोहोंत चारशे मीटरांहून अधिक उंचीचे अंतर असून मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर आहे. तेथे प्रत्येकी १२५ मेगॅवॉटची दोन यंत्रे २००८ मध्ये सुरू झाली. ही यंत्रे दुतोंडी आहेत. सायंकाळी विजेची ओढ असते तेव्हा पाणी वरून खाली येते आणि ती जनित्रे होतात. वीज मुबलक असते तेव्हा तीच उलट फिरून पंप होतात आणि तेच पाणी माथ्यावर चढवितात. बाष्पीभवनाने जे जाईल तेवढेच पाणी नव्याने लागते.

येथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आले की त्यातून सुमारे एक युनिट वीज मिळते. दोन्ही यंत्रे पूर्ण जोराने सहा तास चालली तर पंधरा लाख युनिटे होतात. त्यासाठी पंधरा लाख घनमीटर पाणी खाली यावे लागते. आता घराच्या गच्चीवरील हजार लिटरच्या टाकीचा विचार करावा. ती दहा मीटर उंच असली तर तिच्यातील पाण्यापासून मिळणारी शक्ती नऊ वॅटचा दिवा तीन तास जाळण्यापुरती, तीही कसलीच गळती न धरता. म्हणजे पाणी तर हवेच, पण त्याहून उंची हवी. सह्याद्रीचा कडा ही या दृष्टीने महाराष्ट्राला लाभलेली फुकटची संपत्ती आहे. तिचा उपयोग मात्र फुकट नाही.

कारण शंभर युनिटे खर्चून जे पाणी वर चढविले, ते खाली येताना पंचाहत्तर ते ऐंशी युनिटेच परत देते. घाटघरने सायंकाळी पंधरा लाख युनिटे द्यावयाची तर आधी तिला वीस लाखांच्या आसपास द्यावी लागतात. हा घाट्याचा धंदा नव्हे काय, असे कोणी विचारील. विजेची किंमत दिवसभर एकच असती तर तो घाट्याचाच ठरला असता. पण औष्णिक वीजकेंद्रातील भट्ट्या हव्या तेव्हा विझवता येत नाहीत. एका मर्यादेखाली त्या मंदही करता येत नाहीत. रात्री गावे झोपली म्हणजे त्यांची वीज कोणाला नको असते, आणि सायंकाळी सात वाजता ती सर्वांनाच हवी असते. नकोशा वेळची पाच युनिटे देऊन हव्याशा वेळची चार मिळत असतील तर तो सौदा वाईट नाही. सुगीत स्वस्त असलेले धान्य भरून ठेवणाऱ्याला किडीचे नुकसान सोसूनही चार पैसे सुटतात, त्यातलाच हा प्रकार.

मात्र सुगीची वेळ आता बदलली आहे. पूर्वी पंप रात्री चालवावयाचे हे ठरून गेलेले होते. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक या राज्यांत सौरऊर्जेची मोठी केंद्रे उभी राहिल्यापासून विजेचा भरपूर काळ मध्यान्हीला आला. सूर्य मावळतो तेव्हाच घरोघर दिवे लागतात; सौर वीज शून्यावर येते आणि मागणी शिखराला पोहोचते. या दोन-तीन तासांच्या चढावर जाळ्याची खरी परीक्षा होते. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये नियम दुरुस्त करून वेळेनुसार दर लावण्याची दिशा दिली: उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा निदान वीस टक्के कमी, गर्दीच्या तासांत अधिक. पाण्याची मोटर किंवा पिठाची गिरणी सायंकाळऐवजी दुपारी चालविली तर तेवढ्यापुरती साठवणाची गरजच उरत नाही. न साठवता भागते तेथे साठवू नये, हा साठवणाच्या शास्त्रातला पहिला धडा म्हणावा लागेल. त्याकडे यंत्रे विकणाऱ्यांचे लक्ष फारसे जात नाही, हे स्वाभाविकच आहे.

यंत्र बसविले म्हणजे साठवण झाली, असेही नाही. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या नदीपात्रातील वीजघरात प्रत्येकी २०० मेगॅवॉटची सहा यंत्रे आहेत. त्यांच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६. म्हणजे इंदूर, नाशिक आणि बडोदे या तिन्ही ठिकाणच्या घरांचा तिच्याशी संबंध आहे. ही यंत्रेही घाटघरसारखी उलट फिरणारीच आहेत. परंतु पाणी वर चढवावयाचे तर ते खाली कोठेतरी अडून राहिलेले असले पाहिजे. त्यासाठी योजलेला गरुडेश्वरचा बंधारा यंत्रे बसल्यानंतर कित्येक वर्षे रखडला. तोवर ती यंत्रे एकाच दिशेने फिरत राहिली. कणगीला झाकण आले, बूड राहिले.

दुसरी अडचण हक्काची. हैदराबादच्या वाचकांना ती चांगली परिचित आहे. श्रीशैलमच्या डाव्या तीरावर ९०० मेगॅवॉटची आणि नागार्जुनसागर येथे ७०० मेगॅवॉटची उलटसुलट चालणारी यंत्रे आहेत. २०२१ च्या पावसाळ्याच्या आरंभी तेलंगणाने कृष्णेवरील वीजनिर्मिती जोराने चालविली, तेव्हा आंध्र प्रदेशाने तक्रार केली की सिंचनाला लागणारे पाणी अवेळी खाली जात आहे. उपसा सिंचनाचे पंप चालविण्यासाठीच ही वीज हवी, असे तेलंगणाचे म्हणणे होते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, कारण एकाच पाण्याला दोन मालक होते: एकाला त्याची उंची हवी, दुसऱ्याला ओलावा. या कटकटी टाळण्यासाठी अलीकडच्या काही योजना नदीपासून बाजूला, डोंगरावर स्वतंत्र जलाशय बांधून केल्या जातात. आंध्र प्रदेशातील पिन्नापुरम ही अशी योजना आहे. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीजवळ आणि मध्य प्रदेशात गांधीसागराच्या काठीही पाणी चढविण्याच्या योजना हाती घेण्यात आल्या आहेत.

आता पाण्याकडून रसायनाकडे वळावयास हरकत नाही. घरातील इन्व्हर्टरखाली जी जड काळी पेटी असते, तिची मूळ कल्पना फ्रान्समधील गास्ताँ प्लान्ते याची, १८५९ मधली. शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडविलेले. वीज घेताना एका पत्र्यावर शिशाचे ऑक्साइड बनते आणि वीज देताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट चढते. भरलेल्या घटात आम्लाची घनता सुमारे १.२५ असते, रिकामा होत आला की ती १.१५ च्या आसपास उतरते. हायड्रोमीटर नावाच्या काचेच्या नळीने ती पाहता येते. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या पेटीत नावाला १.८ युनिट वीज मावते. परंतु ती रोज तळापर्यंत उपसली तर पेटी फार दिवस टिकत नाही. अर्ध्यावर थांबावे हे उत्तम. शिवाय रिकामी पेटी तशीच पडू दिली तर सल्फेटचे खडे घट्ट होऊन बसतात आणि मग ते पुन्हा विरघळत नाहीत. उन्हाळ्यात जिन्याखालच्या कोंदट जागी ठेवलेल्या पेटीचे आयुष्य झपाट्याने घटते. तापमान दहा अंशांनी वाढले की ते साधारण निम्मे होते, असा कारागिरांचा अनुभव व शास्त्राचा निष्कर्ष दोन्ही आहेत. नळाचे पाणी घालणे हा तर सरळ विषप्रयोग होय. लागते ते ऊर्ध्वपातित पाणी. भरताना हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हवा खेळती असावी आणि जवळ काडी ओढू नये. एवढे पथ्य पाळणारी घरे थोडी, आणि पेटी लवकर गेली म्हणून दुकानदाराला दोष देणारी पुष्कळ.

लिथियमच्या घटांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जग बदलले. त्यांचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे घट हलके, घेतलेल्यापैकी सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद टक्के परत देणारे; पण स्वभावाने तापट. शेकडो घट एका माळेत जोडले म्हणजे सगळ्यांत दुबळा घट साऱ्या माळेची मर्यादा ठरवितो. तो आधी भरतो आणि आधीच रिकामा होतो. इतरांच्या बरोबर त्याला ओढत नेले तर तो अधिक भरला जाऊन तापतो, आणि एक पेटला की शेजारचे पेटतात. म्हणून प्रत्येक घटाचा दाब आणि ताप सतत पाहणारी, पुढे गेलेल्याला थोपविणारी आणि वेळ आली तर सारी माळ तोडणारी स्वयंचलित व्यवस्था हे या साठ्याचे काळीज असते. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथील मोठ्या बॅटरी-केंद्राला आग लागून आसपासच्या लोकांना घरे सोडून जावे लागले, तेव्हा हा तापटपणा जगाने पाहिला.

त्यांचा गुण असा की त्या क्षणार्धात धावून येतात. पाण्याचे यंत्र पूर्ण भाराला येण्यास काही मिनिटे लागतात, कोळशाच्या भट्टीला तास. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ च्या सप्टेंबरात सारे राज्य अंधारात गेले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस हॉर्न्सडेल येथे १०० मेगॅवॉटची बॅटरी उभी राहिली. त्याच डिसेंबरात शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातील कोळशाचा एक मोठा संच अवचित बंद पडला, तेव्हा तिने सेकंदाच्या अंशात वीज सोडून घसरणाऱ्या आंदोलनांना हात दिला. भारतात छत्तीसगडमधील राजनांदगाव येथे सौरकेंद्राला जोडलेली ४० मेगॅवॉट व १२० मेगॅवॉट-तासांची बॅटरी २०२४ मध्ये सुरू झाली. वर्तमानपत्रांत या दोन आकड्यांची नेहमी गल्लत होते. पहिला आकडा नळाच्या तोटीचा, दुसरा टाकीचा. तोटी पूर्ण उघडली तर ही टाकी तीन तास पुरते. अर्धी उघडली तर सहा.

तोटी केव्हा किती उघडावयाची, हे ठरते ते राज्याच्या भार-नियंत्रण केंद्रात. गुजरातचे असे केंद्र बडोद्यास गोत्री येथे आहे. दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात कोण किती वीज देणार व कोण किती घेणार, याचे वेळापत्रक आदल्या दिवशीच तयार होते. ढग येणार असे वेधशाळेने कळविले तर उद्या दुपारी टाक्या पूर्ण भरणार नाहीत, हे आजच धरून चालावे लागते. आजचा साठा आजच्या संध्याकाळी सगळा विकला तर पैसे अधिक मिळतील. पण रात्री दहाला एखादा संच बंद पडला तर हाती काही उरणार नाही. म्हणून तळचा काही भाग कितीही भाव आला तरी उघडावयाचा नाही, असा निर्बंध घालावा लागतो. खाजगी मालकीच्या बॅटऱ्या वाढू लागल्या आहेत, तसतसा हा निर्बंध कोणी घालावयाचा आणि न विकलेल्या विजेचे मोल मालकाला कोणी द्यावयाचे, हा वाद मोठा होत जाणार. विजेच्या दरपत्रकात या न वापरलेल्या साठ्याची किंमत शेवटी ग्राहकच देतो. तेव्हा ती त्याला उघडपणे सांगितली जावी, ही अपेक्षा रास्त आहे.

या सर्वांहून लहान असा एक साठा आहे आणि त्याची वार्ता कधी छापून येत नाही. प्रत्येक मोठ्या वीज-उपकेंद्रात एका बाजूच्या खोलीत शिशाच्या घटांची रांग मांडलेली असते. ११० व्होल्टच्या संचात दोन-दोन व्होल्टचे ५५ घट. बाहेरची सारी वीज गेली तरी वाहिन्या तोडण्याजोडण्याची यंत्रे याच घटांवर चालतात. ते मेलेले असतील तर वाहिनीवर बिघाड झाल्यावर ती तुटत नाही आणि रोहित्र जळते. सगळे जाळे कोसळले म्हणजे पुनरारंभही येथूनच होतो. कोळशाच्या वीजकेंद्राला पेटण्यासाठीच वीज लागते: पंखे, पंप, कोळसा दळणाऱ्या चक्क्या सगळ्या आधी चालाव्या लागतात. म्हणून प्रथम एखादे जलविद्युत्‌ केंद्र उठविले जाते. तेथे घटांच्या आणि लहानशा डिझेल जनित्राच्या बळावर झडपा उघडतात, पाणी चक्रावर येते, पहिली वाहिनी जिवंत होते, आणि ती वाहिनी ज्या औष्णिक केंद्रापर्यंत जाते तेथील भट्टी काही तासांनी पेटते. त्या खोलीतील घटांची घनता ठरल्या दिवशी तपासून नोंदवहीत लिहिणारा कर्मचारी त्या दिवशी कामाला आलेला होता, एवढे मात्र आधी घडून गेलेले असावे लागते.